हसद : एका ‘पण’ची किंमत

मुलीच्या स्थळाची चौकशी करायला लोक निघतात, तेव्हा ते आधी मशिदीच्या इमामसाहेबांना भेटतात, मग शेजाऱ्यांना विचारतात आणि शेवटी शाळेत येतात. “सर, मुलगी तुमच्या हाताखाली शिकलेली आहे. तुम्ही खरं काय ते सांगा,” असे म्हणतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही अशी अनेक उत्तरे दिली. त्यातले एक उत्तर मात्र आजही विसरता येत नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून दोन माणसे आमच्या घरी आली होती. चौकशी आमच्याच चुलतभावाच्या मुलीची होती. घराणे चांगले, मुलगा कमावता, शिवाय देण्याघेण्याची मागणी नाही. आम्ही म्हणालो, “मुलगी लाखात एक आहे. अभ्यासात हुशार, नमाजी, बोलायला गोड. पण...”

एवढे बोलून आम्ही चहाचा कप उचलला.

“पण काय, सर?”

“काही नाही. घरात बाहेरचा पैसा आलाय. राहणी जरा बदललीय. तुमच्याकडे निभावेल का, एवढंच मनात आलं.”

या वाक्यात खोटे असे काहीच नव्हते. बाहेरचा पैसा आला होता आणि राहणीही बदलली होती. पण पंधरा दिवसांनी त्या घरून निरोप आला की इस्तिखारा ठीक आला नाही. भावाने ते तकदीर म्हणून स्वीकारले. ते स्थळ कुठे अडले हे फक्त आम्हाला माहीत होते.

दुखणे कुठले होते?

आम्ही दोघे एकाच अंगणात वाढलो, एकाच शाळेत गेलो. तो नववीत असताना चाचा वारले. कशीबशी दहावी करून त्याने शाळा सोडली, फ्रिज-एसी दुरुस्तीचे काम शिकला आणि पुढे सौदीला गेला. आम्ही शिकत राहिलो. बीए केले, बीएड केले, मग तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढली. घराण्यातला शिकलेला मुलगा म्हणून आम्हाला मान होता आणि तो मान आमच्या अंगवळणी पडला होता.

तो परत आला. जमिनीवरचे जुने कर्ज फेडले, आमच्या कौलारू घराला लागून दुमजली घर बांधले, चाचीला उमराहला नेऊन आणले. घरातल्या कार्यात आधी आम्हाला विचारणारी वडीलधारी माणसे आता त्याला विचारू लागली. त्याने आमचे काहीही घेतले नव्हते. उलट आमच्या अम्मीच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकरा वाजता पैसे घेऊन दवाखान्यात धावत आला होता तो तोच. खरे सांगायचे तर ते उपकारही आम्हाला टोचत होते. आपल्या पगारात जे जमले नाही ते त्याच्या खिशातून आले, हे मनातून जात नव्हते.

या दुखण्याचे नाव हसद. पण त्या वेळी आम्ही त्याला वेगवेगळी नावे दिली होती. कधी ‘स्वाभिमान’ म्हटले, कधी ‘साधेपणाची आवड’, तर कधी ‘दिखाऊपणाचा तिटकारा’. हसदची हीच गोम आहे. राग आलेला माणूस राग आला म्हणून सांगतो, लोभी माणूसही कधीतरी आपला लोभ कबूल करतो. हसद मात्र नेहमी दुसऱ्याचे कपडे घालून वावरते.

हेवा आणि मत्सर

उलमांनी दोन गोष्टींत स्पष्ट फरक केला आहे. दुसऱ्याकडची नेमत पाहून ‘अल्लाहने मलाही असे द्यावे’ असे वाटणे म्हणजे गिब्ता. उर्दूत आपण त्याला रश्क म्हणतो. ‘त्याच्याकडे हे नसावे’ असे वाटणे ही हसद, मग आपल्याला काही मिळो वा न मिळो. मराठीतही हेवा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत. ‘हेवा वाटावा असा संसार’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ‘मत्सर वाटावा असा’ म्हणताना मात्र जीभ अडखळते.

रश्क वाईट नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दोन माणसांचा हेवा योग्य ठरवला आहे. एक, ज्याला संपत्ती मिळाली आणि जो ती सत्कार्यात खर्च करतो. दुसरा, ज्याला ज्ञान मिळाले आणि जो त्याप्रमाणे वागतो व इतरांना शिकवतो. हजरत उमर (रजि.) यांनी एकदा दानात हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या पुढे जायचे ठरवले आणि आपली निम्मी संपत्ती आणून ठेवली. अबू बक्र (रजि.) यांनी घरातले सारेच आणले होते. उमर (रजि.) यांनी हार मानली, ते तोंडभरून मानली, कुरकुरत नाही. ही खरी चढाओढ. ती माणसाला वर नेते. हसद दुसऱ्याला खाली ओढायला बघते आणि त्यात स्वतःच खाली जाते.

जवळचाच का खुपतो?

इमाम गझाली (रह.) हिजरी 505 मध्ये, म्हणजे इ.स. 1111 मध्ये वारले. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात राग, द्वेष आणि हसद यांवर एक सविस्तर प्रकरण आहे. त्यात ते मोठी नेमकी गोष्ट दाखवून देतात. आलिमाला आलिमाची हसद वाटते, व्यापाऱ्याला व्यापाऱ्याची. जोडे शिवणाऱ्याला जोडे शिवणाऱ्याची वाटते, कापडवाल्याची नाही. दोघांची नजर एकाच गोष्टीवर असली की हसद जन्मते.

स्वतःला विचारून पाहावे. मुंबईच्या एखाद्या उद्योगपतीच्या बंगल्याने आपली झोप उडते का? नाही. भावाच्या घराला नवा रंग लागला की उडते. जावेच्या बांगड्या, शेजारणीच्या मुलाचे बारावीचे गुण, स्टाफरूममधल्या सहकाऱ्याची बढती हेच आपल्या डोळ्यांत खुपते. पवित्र कुरआनात आदम (अलै.) यांच्या दोन पुत्रांची कहाणी आहे. एकाची कुर्बानी कबूल झाली, दुसऱ्याची झाली नाही आणि पृथ्वीवरचा पहिला खून झाला. सूरह यूसुफमध्ये दहा भावांनी लहानग्या यूसुफ (अलै.) यांना विहिरीत टाकले, कारण वडिलांचे प्रेम त्याच्यावर जास्त आहे असे त्यांना वाटले. दोन्ही ठिकाणी परका कोणी नव्हता. भाऊच होते.

मनातली आणि जिभेवरची

मनात हसद येते म्हणून माणूस लगेच गुन्हेगार ठरतो का? हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस छळत होता.

ताबिईंमधले थोर बुजुर्ग हसन बसरी (रह.) यांना कोणीतरी विचारले, मोमिनालाही हसद होते का? त्यांनी यूसुफ (अलै.) यांच्या भावांची आठवण करून दिली, ते तर नबीचे पुत्र होते. मग समजावले, की ती छातीतच दाबून ठेव, हात आणि जीभ तिच्या मागे जात नाहीत तोवर ती तुझे नुकसान करणार नाही. सूरह फलकच्या शेवटी आपण हसद करणाऱ्याच्या उपद्रवापासून अल्लाहची पनाह मागतो. तेथे ‘जेव्हा तो हसद करतो’ असे शब्द येतात. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ असा सांगितला आहे, की जेव्हा तो मनातली हसद कृतीत आणतो.

या उत्तराने आम्हाला धीरही आला आणि शरमही वाटली. धीर याचा, की मनात उठणारी कळ आपल्या हाती नाही आणि अल्लाह हाती नसलेल्या गोष्टीचा हिशेब मागत नाही. शरम याची, की जीभ तर आपल्या हाती होती. तो ‘पण’ आम्हीच उच्चारला होता.

यावर कोणी म्हणेल, स्थळाच्या बाबतीत खरे सांगणे तर कर्तव्यच आहे. बरोबर आहे. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या मागण्यांबद्दल सल्ला विचारला तेव्हा पैगंबर (स.) यांनी एकाच्या गरिबीबद्दल आणि दुसऱ्याच्या कडक स्वभावाबद्दल स्पष्ट सांगितले होते आणि हजरत उसामा (रजि.) यांचे नाव सुचवले होते. सल्ला विचारणाऱ्याला अंधारात ठेवू नये, हे यातून शिकायचे. म्हणजे दोष सांगावा की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. आपण तो का सांगतो, हा खरा प्रश्न आहे. आम्ही तेव्हाच स्वतःला विचारायला हवे होते, की हीच गोष्ट स्वतःच्या मुलीच्या बाबतीत असती तर आपण तिला दोष म्हटले असते का? मुळीच नाही. म्हटले असते, “अल्हम्दुलिल्लाह, घरात बरकत आहे.”

हजरत जैनब (रजि.) यांचे उत्तर

अशाच एका चौकशीचा प्रसंग इस्लामच्या इतिहासात आहे आणि तो फार मोठा आहे. बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना हजरत आएशा (रजि.) मागे राहिल्या आणि मुनाफिकांनी त्यांच्यावर किटाळ रचले. मदीनेत महिनाभर कुजबूज चालू होती. अशा वेळी पैगंबर (स.) यांनी आपल्या दुसऱ्या पत्नी हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांना आएशांबद्दल विचारले.

जरा या प्रसंगाचा विचार करा. विचारले ते एका सवतीला. हजरत जैनब (रजि.) पैगंबरांच्या (स.) आतेबहीण. त्यांच्या बरोबरीने आपला मान राखणाऱ्या पत्नी त्याच होत्या, असे खुद्द हजरत आएशा (रजि.) सांगतात. खोटे बोलायचीही गरज नव्हती. एक सुस्कारा, एक ‘पण’, एवढ्यानेही काम झाले असते. त्यांची सख्खी बहीण हमना तर त्यांच्या बाजूने त्या कुजबुजीत सामीलही झाली होती. पण जैनब (रजि.) यांनी सांगितले, की आपण आपले कान आणि डोळे जपतो, आएशांबद्दल आपल्याला चांगल्याखेरीज काहीही माहीत नाही. त्यांच्या परहेजगारीने अल्लाहने त्यांना वाचवले, अशी साक्ष पुढे हजरत आएशांनीच दिली.

ही घटना आम्ही वर्गात मुलांना कितीदा तरी सांगितली होती. ती आपल्यासाठी आहे, हे मात्र त्या निरोपानंतर कळले.

औषध कडू आहे

इमाम गझालींनी हसदवर दोन औषधे सांगितली आहेत, एक ज्ञानाचे आणि एक कृतीचे.

ज्ञानाचे औषध असे. हसद करून दुसऱ्याची नेमत कमी होत नाही. कमी होतात त्या आपल्या नेक्या आणि आपली झोप. रिज्कची वाटणी अल्लाहने केली आहे. तिच्यावर कुरकुर करणे म्हणजे वाटणाऱ्यावर नाराज होणे. सूरह निसामध्ये दुसऱ्याला जे जास्त दिले त्याची हाव धरू नका असे सांगून लगेच अल्लाहकडे त्याचा फज्ल मागायला सांगितले आहे. दार बंद केलेले नाही. मागायचे कोणाकडे एवढेच दाखवले आहे.

पण नुसते जाणून बरे वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे. म्हणून दुसरे औषध. हसद जे करायला सांगेल त्याच्या उलट करायचे. ती निंदा करायला लावत असेल तर जिभेला जबरदस्तीने कौतुक करायला लावायचे. ती तोंड फिरवायला सांगत असेल तर पुढे होऊन सलाम करायचा. ती हात आखडायला सांगत असेल तर भेट पाठवायची. सुरुवातीला हे ढोंग वाटते. पण ताप आलेल्या मुलाला औषध गोड लागत नाही म्हणून आपण ते देणे थांबवतो का?

आम्ही पहिला घोट घेतला तो असा. दोन महिन्यांनी तालुक्याला त्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांना सांगितले, “त्या दिवशी मी जे बोललो त्याला काही अर्थ नव्हता. दोष त्या घरात नाही, माझ्या मनात होता. मुलीसारखी मुलगी नाही.” ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “सर, आता मुलाची मंगनी झाली दुसरीकडे. तुम्ही आधी बोलला असता तर...” वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

पुढे दीड वर्षाने मुलीचे लग्न झाले, चांगल्या घरी झाले. अल्लाहने तिच्यासाठी दुसरे दार उघडले. त्यामुळे आमचा गुन्हा लहान होत नाही. त्या दीड वर्षात तिच्या आईने किती दुआ मागितल्या असतील आणि लोकांचे किती प्रश्न ऐकले असतील, याचा हिशेब आमच्या नावावर आहेच.

त्यानंतर आम्ही काही सवयी लावून घेतल्या. ज्याचे नाव ऐकून मनात कळ उठते त्याच्यासाठी नमाजनंतर नाव घेऊन दुआ करायची. त्याच्याबद्दल कोणी विचारले तर पहिले वाक्य चांगले बोलायचे आणि तेथेच थांबायचे. कोणाचे काही आवडले तर लगेच ‘बारकल्लाह’ म्हणायचे. एका सहाबींची नजर दुसऱ्याला लागली तेव्हा बरकतीची दुआ का केली नाहीस, असे पैगंबर (स.) यांनी विचारले होते. आणि फोनवर लोकांचे स्टेटस पाहून मन आंबत असेल, तर ते पाहणे कमी करायचे. ऐहिक बाबतीत आपल्यापेक्षा कमी असलेल्याकडे पाहा, ही हदीस याच दुखण्यावरची आहे.

घरातून सुरू होते

शिक्षक म्हणून पालकांना एक विनंती. निकालाच्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उभे असतो. मुलाच्या हातात गुणपत्रक पडते आणि आईबापांचा पहिला प्रश्न असतो, “तुझ्या चाचाच्या मुलाला किती पडले?” हसदचा पहिला धडा मूल येथे शिकते. दुसऱ्याचे यश म्हणजे आपला मार, हे गणित त्याच्या डोक्यात पक्के बसते. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांना वडिलांनी एक भेट दिली आणि तिला साक्षीदार व्हावे म्हणून ते पैगंबर (स.) यांच्याकडे गेले. तेव्हा पैगंबरांनी (स.) पहिला प्रश्न केला, की सर्व मुलांना असेच दिले आहे का? नव्हते दिले, म्हणून साक्षीला नकार दिला. देण्यातली ही तुलना बोलण्यातही टाळावी. मुलाच्या गुणांची तुलना करायचीच असेल, तर त्याच्याच मागच्या वर्षीच्या गुणांशी करावी.

ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांच्यावरही थोडी जबाबदारी आहे. यूसुफ (अलै.) यांना वडिलांनी स्वप्न भावांना सांगू नकोस असे बजावले होते. लग्नातल्या ताटांची संख्या, दागिन्यांचे वजन, नव्या गाडीची किंमत सांगितली नाही तर काही बिघडत नाही. नेमतीचा शुक्र वेगळा आणि तिचे प्रदर्शन वेगळे. मात्र हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या हसदची सबब म्हणून दुसऱ्याच्या दिखाऊपणाकडे बोट दाखवायला आम्हाला तरी तोंड नाही.

शेवटचा घोट

गीबत ज्याची केली त्याला जाऊन सांगावे की नाही, यावर उलमांची दोन मते आहेत. सांगून आणखी फितना होणार असेल तर त्याच्यासाठी दुआ करावी आणि जेथे वाईट बोललो तेथेच चांगले बोलावे, असे काहींचे म्हणणे आहे. आम्ही काही वर्षे त्याच मताच्या आडोशाला राहिलो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मात्र लोकांना सांगायचे आणि त्याला नाही, हे पटेना.

एका संध्याकाळी त्याला घरी बोलावले आणि सगळे सांगितले. तो ऐकत होता. मग विचारले, “त्या घरी जाऊन परत बोलला होतास?”

“हो.”

“आणि मला एवढ्या वर्षांनी सांगतोस.”

आमच्याकडे उत्तर नव्हते. लेखाबद्दल विचारले तेव्हा म्हणाला, “लिही. नावं टाकू नकोस.” चहा तसाच ठेवून तो उठून गेला. तीन आठवडे आमचे बोलणे झाले नाही. चौथ्या जुम्याला जमात उभी राहत असताना कोणीतरी सफेत आमच्या शेजारची जागा भरली. पाहिले तर तो होता. बोलला काही नाही. त्याने खांद्याला खांदा लावला आणि इमामसाहेबांनी तकबीर म्हटली.

पैगंबर (स.) यांनी एका अन्सारी सहाबींना जन्नती म्हटले होते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तीन रात्री त्यांच्या घरी राहिले, पण जगावेगळी इबादत त्यांना दिसली नाही. शेवटी त्या सहाबींनीच सांगितले, की अल्लाहने कोणाला काही दिले तर आपण त्याची हसद करत नाही आणि कोणाबद्दल मनात खोट ठेवत नाही. हे साधे वाटणारे काम किती अवघड आहे, ते ज्याने करून पाहिले त्यालाच ठाऊक.

सूरह हश्रमध्ये शिकवलेली दुआ आपण मागत राहू या, की ईमान आणणाऱ्यांबद्दल आमच्या मनात अढी राहू देऊ नकोस. आणि पुढच्या वेळी कोणी आपल्याकडे कोणाची चौकशी करायला आले, तर ‘पण’ म्हणण्याआधी एक क्षण थांबू या. अल्लाह आम्हा सर्वांना तौफीक देवो. आमीन.